आर्डिसचा नोव्हेंबर

मार्चमधल्या एका मंगळवारी आर्डिस ट्वेटनं आपल्या सख्ख्या नवऱ्याला हरणाच्या शिकारीचा परवाना दिला, त्यावर शिक्का मारला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारायची सोडून पेन खाली ठेवलं.

"ऑर्विन, हा अठ्ठाविसावा."

"अठ्ठाविसावा काय?"

"परवाना. अठ्ठावीस वर्षं मी तुला परवाना देतेय, आणि अठ्ठावीस वर्षं हंगाम उघडतो तेव्हा मी इथे मतपत्रिकांचे गठ्ठे मोजत बसलेली असते. लग्नाआधी या काउंटीत माझ्याइतका नेम कुणाचा होता?"

"कुणाचाच नाही," ऑर्विन म्हणाला. मागच्या रांगेतल्या तिघांनीही माना हलवल्या.

"तर पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात मी तुझ्याबरोबर येणार. या खेपेला मी उभी राहत नाही. डिसेंबरअखेर मुदत संपली की संपलं."

ऑर्विननं परवान्याची घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "बरं." स्कोग काउंटीत 'बरं' या शब्दाचे सतरा अर्थ होतात. त्यातला हा कुठला, ते त्यानं सांगितलं नाही.

आर्डिस काउंटीची क्लार्क होती. जन्म, मृत्यू, जमिनी, कुत्र्यांचे बिल्ले, परवाने आणि निवडणुका एवढं सगळं तिच्या एका टेबलावर मावत असे. हे पद लोक दर चार वर्षांनी मतं देऊन भरायचे आणि सात वेळा आर्डिसच बिनविरोध निवडून आली होती. सातही वेळा स्वतःची मतं तिनं स्वतः मोजली होती आणि त्यावर एकदाही वाद झाला नव्हता. वादाला दुसरा उमेदवार लागतो.

त्याच रविवारी तिनं चर्चच्या तळघरात, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, आपला निर्णय जाहीर केला. जागा चुकली. त्या तळघरात नाही म्हणायची एक ठरलेली रीत आहे. रूबार्बच्या वडीचं ताट पुढे आलं की पहिल्यांदा म्हणायचं, 'नको, पोट भरलंय.' दुसऱ्यांदा म्हणायचं, 'छे, तुम्हालाच पुरायचं नाही.' तिसऱ्यांदा 'नकोच खरं तर' म्हणत ताटातली सगळ्यात मोठी वडी उचलायची. पहिल्याच आग्रहाला हात पुढे करणारा माणूस शहरातला समजला जातो. आणि कुणाला खरोखरच वडी नको असेल तर त्यानं काय म्हणावं, याचा शोध तिथे अजून लागलेला नाही.

"मी या खेपेला क्लार्कसाठी उभी राहणार नाही," आर्डिस म्हणाली.

"अगं, असं कसं?" बर्गिट सोल्हाइम म्हणाली. बर्गिट आर्डिसची शेजारीण. कॉफीची किटली तिच्या हातात असे आणि त्यामुळे सभेचं अध्यक्षपदही.

"नाही, खरंच नको. दमले मी."

"पण तुझ्याशिवाय आहे कोण?"

"कुणीही करेल. मला नकोच आहे."

तीन नकार झाले. तळघरात समाधान पसरलं. "झालं तर मग," असं म्हणून बर्गिटनं तिच्या कपात कॉफी ओतली. पाद्री हाल्वर मोएन यांनी आर्डिसचे पुढच्या चार वर्षांबद्दल आभार मानले आणि विषय गव्हाकडे वळला.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी चार वाजता अर्जांची मुदत संपली. क्लार्कच्या पदासाठी एकही अर्ज आला नव्हता. ती उभी राहणार हे ठरलेलंच असताना तिच्याविरुद्ध अर्ज भरायचा अगोचरपणा करणार कोण? आता मतपत्रिकेवर त्या पदाखाली फक्त एक कोरी ओळ छापली जाणार होती, ज्याला जे नाव सुचेल ते लिहायला. कुणीच निवडून आलं नाही तर कायद्यानं जुनीच क्लार्क नवी मिळेपर्यंत काम पाहणार होती. ही 'मिळेपर्यंत' किती वर्षांची, हे कायद्यात नव्हतं. मधेच राजीनामा टाकायचा म्हणजे आर्डिसच्या लेखी अर्धा विणलेला मोजा दुसऱ्याच्या हातात देण्यासारखं होतं. मुदत पुरी करायची आणि मगच उठायचं, हे तिचं पक्कं होतं.

मे महिन्यात नोएल ऑर्टिझ नावाची तरुण बाई कुत्र्याचा बिल्ला घ्यायला आली. आर्डिसनं पत्ता पाहिला, भिंतीवरचा नकाशा पाहिला आणि म्हणाली, "तू आमची नाहीस."

"म्हणजे?"

"तुझ्या घरासमोरचा रस्ता ही काउंटीची हद्द आहे. रस्त्याच्या अलीकडे आम्ही. तू पलीकडे. तुझा कुत्राही."

"कुत्रा दिवसभर अलीकडेच असतो," नोएल म्हणाली.

बोलता बोलता कळलं की नोएलनं शहरातल्या निवडणूक कचेरीत नऊ वर्षं काढली होती. चार लाख मतदारांची यादी तिनं एकटीनं साफ केली होती. नवऱ्याला पवनचक्क्यांवर काम मिळालं म्हणून ती इकडे आली होती आणि घरी बसून कंटाळली होती.

"माझी जागा घेशील?" आर्डिसनं विचारलं.

"हो, आवडेल मला."

पहिल्याच फेरीत कुणी 'हो' म्हणालं तर पुढे काय बोलायचं असतं, हे तिला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

अडचण एकच होती. निवडून यायचं तर माणूस काउंटीत राहणारा हवा. पण तेच पद नेमणुकीचं केलं तर राज्यातला कुणीही चालत होता. आणि पद निवडणुकीचं ठेवायचं की नेमणुकीचं करायचं, हे ठरवायला लोकांचं मत घ्यावं लागत होतं. आर्डिस डेल्बर्ट क्वामकडे गेली. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या तिघांच्या मंडळाचा तो अध्यक्ष. तो ट्रॅक्टरवर होता आणि खाली उतरला नाही.

"म्हणजे लोकांना विचारायचं, की यापुढे तुम्हाला विचारायचं की नाही?" डेल्बर्ट म्हणाला.

"हो."

"आणि ते म्हणाले, नका विचारू?"

"तर तुम्ही तिघांनी बसून नेमणूक करायची. नोएलची."

"याहून वाईट कल्पना मी ऐकल्यात," तो म्हणाला. स्कोग काउंटीत याला जल्लोष म्हणतात. पुढच्याच बैठकीत ठराव झाला. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर प्रश्न आला: क्लार्कचं पद नेमणुकीनं भरावं का? हो किंवा नाही.

जूनमध्ये राज्याच्या कचेरीतून पत्र आलं. जो अधिकारी निवडणूक घेतो, त्यानं मतपत्रिकेवरच्या प्रश्नाच्या बाजूनं किंवा विरुद्ध कुठेही बोलू नये. 'कुठेही'खाली रेघ होती. आर्डिसनं फोन करून विचारलं, की यात स्वयंपाकघर येतं का. पलीकडच्या माणसानं पत्र पुन्हा वाचलं आणि सांगितलं, की स्वयंपाकघर वगळल्याचं दिसत नाही.

तेव्हापासून आर्डिसनं नोकरी, निवृत्ती, नेमणूक, नोव्हेंबर हे शब्द घरातही बंद केले. ऑर्विन बंदूक पुसायला बसला की ती उठून अंगणात जायची.

इकडे गावानं प्रश्न वाचला आणि आपल्या परीनं अर्थ लावला. डेल्बर्ट आणि मंडळी आर्डिसची खुर्ची काढून घेतायत, आणि कुणासाठी, तर रस्त्यापलीकडच्या बाईसाठी. बर्गिट कचेरीत आली, टेबलावर कोपर टेकून हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग, तुला काढतायत ना?"

"मला यावर बोलता येत नाही."

"बघा," बर्गिट मागे वळून रांगेला म्हणाली, "तोंडसुद्धा बंद केलंय बिचारीचं."

"बर्गिट, तसं नाही. प्रश्न वाच आणि तुला पटेल तसं मत दे, एवढंच मी म्हणू शकते."

"कळलं," बर्गिट म्हणाली आणि डोळा मारला.

ऑगस्टमध्ये पाट्या लागल्या. पाटीवर लिहिलं होतं, 'आर्डिस आमची. नेमणूक नको.' सप्टेंबरात हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांस-भाजीच्या थाळ्या, यायला लागल्या. घरात कुणी गेलं की शेजारी जशा पाठवतात, तशाच वरून बटाट्याचे गोळे लावलेल्या, झाकणाखाली नाव लिहिलेल्या. आठवड्यात अकरा. आर्डिसनं फ्रीज उघडला की तिला आपल्याच तेराव्याला आल्यासारखं वाटायचं.

एका संध्याकाळी ती घरी आली तर पाटी तिच्याच अंगणात होती.

"ऑर्विन, हे काय आहे?"

"बर्गिटनं आणली. मी दोनदा नको म्हणालो," ऑर्विन म्हणाला. "तिसऱ्यांदा काय म्हणणार?"

पाटीवर काही बोलायचं तर ते प्रश्नावर बोलण्यासारखं होतं. मतदान केंद्रापासून शंभर फुटांच्या आत पाटी चालत नाही, म्हणून आर्डिस फीत घेऊन आली. मतदान समोरच्या अग्निशमन केंद्रात होत असे. अंतर एकशे चार फूट भरलं. तिनं पुन्हा मोजलं, या वेळी फीत चांगली ताणून. एकशे चारच. पाटी राहिली, आणि आर्डिसला फितीनं मापताना पाहणाऱ्या बर्गिटनं गावभर सांगितलं, की पाटी सुरक्षित आहे ना याची तिनं जातीनं खात्री करून घेतली.

मतदानाचा दिवस आला. तीनशे बारा मतदारांपैकी दोनशे शहाऐंशी येऊन गेले. आर्डिसनं सकाळपासून पेनं तपासली, एकाला चष्मा शोधून दिला, दोन भावांना एकाच आडोशात शिरताना अडवलं. सात वाजता तिनं दाराला कुलूप घातलं, वहीत वेळ लिहिली आणि सही करताना तिचा हात थांबला.

"काय झालं?" पाद्री हाल्वर मोएन यांनी विचारलं. मतमोजणीला ते शपथ घेऊन बसले होते.

"माझं मत राहिलं."

पाद्रींनी घड्याळ पाहिलं. "सात वाजून एक मिनिट. मी बघितलं नाही असं समज."

"मी बघितलंय," आर्डिस म्हणाली. पंधरा वर्षांपूर्वी डेल्बर्टच्या आईला तिनं सात वाजून एका मिनिटानं बाहेर ठेवलं होतं. म्हातारी वॉकर घेऊन आली होती.

मोजणी झाली. हो, एकशे त्रेचाळीस. नाही, एकशे त्रेचाळीस. पाद्रींनी पुन्हा मोजलं. मग आर्डिसनं मोजलं. समसमान मतं पडली तर प्रस्ताव पडतो, हे पुस्तकात स्पष्ट होतं, आणि पुस्तक तिचंच होतं.

मग कोरी ओळ. कोऱ्या ओळीवर लोक जे लिहितील त्यातून मतदाराचा हेतू ओळखायचा, असा नियम होता. आर्डिस टोकदार पेन्सिल घेऊन बसली. एकेक बाद करायचं तिनं मनाशी धरलं होतं.

"'आर्डिस टी.'," पाद्रींनी वाचलं.

"टी म्हणजे कोण कळत नाही."

"काउंटीत आर्डिस किती?"

तिनं आपल्या नावापुढे रेघ मारली.

"'ऑर्विनची बायको'."

"हे नाव नव्हे. बाद."

"ऑर्विनला बायका किती, आर्डिस?"

"एक."

"मी लावून दिलेलं लग्न आहे, मला आठवतंय. मार रेघ."

"पुढे."

"'आहे तीच बरी'."

"हे मत नाही. ही तक्रार आहे."

"हेतू बघायचा. गेली कित्येक वर्षं तूच आम्हाला सांगतेस." पाद्रींनी पुढची मतपत्रिका उजेडात धरली. "'नको म्हणतेय पण तिलाच द्या'."

अक्षर बर्गिटचं होतं. याहून स्पष्ट हेतू कायद्याच्या पुस्तकातल्या उदाहरणातही नव्हता. आर्डिसनं रेघ मारली. शेवटी दोनशे एकोणीस रेघा झाल्या. उभी न राहिलेली आर्डिस, आजवरच्या सगळ्यात जास्त मतांनी निवडून आली होती.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ऑर्विन म्हणाला, "मी 'नाही'वर खूण केली."

आर्डिसनं चमचा खाली ठेवला. निवडणूक संपली होती, आता स्वयंपाकघरात बोलायला हरकत नव्हती. "का?"

"मार्चमध्ये तू म्हणालीस सोडणार. मग जूनपासून अक्षर नाही. मी बंदूक काढली की तू उठून जायचीस. मला वाटलं, विचार बदलला आणि सांगायला अवघडतेय." त्यानं तिच्या कपात कॉफी ओतली. "मला तर तू यायला हवी होतीस."

"मग 'हो'वर खूण करायची."

"तुझ्या मनाविरुद्ध?"

दोघांनी उरलेली हॉटडिश खाल्ली.

त्या दुपारी नोएल कचेरीत आली. आर्डिस कायद्याचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचत होती.

"एकशे अठरावं कलम बघितलंत?" नोएलनं विचारलं. "निवडून आलेल्यानं शपथच घेतली नाही तर पद रिकामं होतं. रिकामं पद मंडळ नेमणुकीनं भरतं, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत. आणि त्या नेमणुकीला रहिवासाची अट नाही."

आर्डिसनं ते पान उलटायचा प्रयत्न केला. ते शेजारच्या पानाला चिकटलेलं होतं. आजवर कुणी निवडून येऊन नको म्हणालं नव्हतं. "हे तू आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही निवडून याल असं कुणाला वाटलं होतं?"

"सगळ्यांना," आर्डिस म्हणाली.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी मंडळाची बैठक कचेरीतच भरली. बर्गिट आणि निम्मं तळघर खुर्च्या मांडून बसलं होतं. निवडून आलेल्यांना शपथ द्यायची ती क्लार्कनं, असा नियम. डेल्बर्टनं तो दोनदा वाचला. "शपथ देणारी तू," तो म्हणाला, "आणि घेणारीही तूच. कसं करतेस?"

"नियमाप्रमाणे," आर्डिस म्हणाली.

ती टेबलाच्या आतल्या बाजूला उभी राहिली, कागद घेतला आणि मोठ्यानं विचारलं, "आर्डिस ट्वेट, काउंटीच्या क्लार्कची कर्तव्यं निष्ठेनं पार पाडण्याची शपथ घेता का?" मग कागद ठेवून, वाटेतली आडवी फळी उचलून, ती टेबलाच्या बाहेरच्या बाजूला आली.

"नाही."

खोलीत कुणी हललं नाही. हा तर पहिलाच नकार होता.

"परत विचार की," डेल्बर्ट म्हणाला. "एकदम असं नको."

आर्डिस आत गेली, विचारलं, बाहेर आली. "नाही."

बर्गिटनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. डेल्बर्टनं पेनाचं टोपण काढून ठेवलं. आर्डिस तिसऱ्यांदा आत गेली, तितक्याच ठसठशीत आवाजात तोच प्रश्न विचारला, फळी उचलून बाहेर आली आणि चष्मा नीट करून म्हणाली, "नाही."

सगळे पुढचं वाक्य ऐकायला थांबले. पुढचं वाक्य आलं नाही. तिसऱ्या नकारानंतर काय करतात याची कुणालाच सवय नसल्यामुळे खोली बराच वेळ तशीच बसून राहिली. तेवढ्यात आर्डिसनं नकाराचा अर्ज लिहिला, बाहेरून सही केली, आत जाऊन तो स्वीकारला, 'मिळाला' असा शिक्का मारला, तारीख घातली आणि पोच स्वतःला दिली.

मंडळानं पाच मिनिटांत नोएलची नेमणूक केली.

"थांबा," बर्गिट उठून म्हणाली. "हिला निवडलं कुणी?"

"तुम्हीच," डेल्बर्ट म्हणाला.

"आम्ही तर मतदानात सांगितलं, नेमणूक नको म्हणून."

"म्हणूनच करावी लागली. तुम्ही नेमणुकीला हो म्हणाला असता तर निवडणूकच बाद झाली असती. निवडणूक टिकली म्हणून आर्डिस आली. आर्डिस आली म्हणून नको म्हणाली. ती नको म्हणाली म्हणून हिला नेमली. लोकशाही आहे, बर्गिट."

बर्गिट सावकाश खाली बसली. ती मार्चपर्यंत नोएलशी बोलली नाही. मार्चमध्ये तिचा कुत्र्याचा बिल्ला नोएलनं फोनवरच नवा करून दिला, गाडी काढावी लागली नाही, आणि बर्गिटनं ही गोष्ट तळघरात तीन रविवार सांगितली. जूनपर्यंत सगळ्यांची मतं फिरली होती. नोएल उत्तम होती. पण नोव्हेंबरात उरलेल्या मुदतीसाठी निवडणूक होती आणि रस्त्यापलीकडची नोएल उभी राहू शकत नव्हती. जुलैत बर्गिटनं सह्या गोळा केल्या. मतपत्रिकेवर तोच प्रश्न पुन्हा येणार होता: पद नेमणुकीनं भरावं का? उत्तरेकडच्या शेतकऱ्यांनी लगेच विरोध पुकारला. आपला हक्क आपणच सोडायचा म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं होतं.

आर्डिसनं मार्चमध्येच शिकारीचा परवाना काढला होता. पहिला अर्ज तिचा होता. नारिंगी कोट आला, बंदुकीला तेल झालं, शेतामागच्या मैदानात तिनं डब्यांवर नेम धरून पाहिला आणि बारापैकी अकरा डबे उडाले. ऑर्विननं तिच्यासाठी झाडावरच्या मचाणाला आणखी एक फळी ठोकली.

ऑगस्टमध्ये कॅफेत उत्तरेकडचा एक शेतकरी म्हणाला, "आर्डिस, तू अठ्ठावीस वर्षं हेच काम केलंस. तुझं काय मत?"

आर्डिसनं सवयीनं तोंड मिटलं. मग तिच्या लक्षात आलं, की ती आता कुणीच नाही. कुठलंही पत्र, कुठलीही रेघ तिला लागू नव्हती. कॅफेत नाही, स्वयंपाकघरात नाही, कुठेही नाही.

"बस," ती म्हणाली.

तो अडीच तास बसला. मतमोजणी म्हणजे काय, चार लाखांची यादी साफ करणं म्हणजे काय, लोकप्रिय माणूस आणि कामाचा माणूस यांत फरक काय, जी बाई नको म्हणते तिला का सोडावं, हे सगळं निघालं. शेवटी त्यानं मत बदललं की नुसती शरणागती पत्करली हे कळलं नाही, पण आर्डिसला मतदारांच्या यादीत एक रेघ मारता आली. सप्टेंबरात तिनं यादीतली घरं दिशेप्रमाणे लावली. ऑक्टोबरात ती दारोदार फिरायला लागली. बर्गिट दोन दिवस बरोबर होती, तिसऱ्या दिवशी म्हणाली, की पाय दुखतायत आणि शिवाय आपल्याला एवढी माहिती नव्हती.

हंगाम मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी बाराला उघडायचा होता. शुक्रवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आर्डिस उत्तरेकडच्या एका ओसरीत उभी होती, अंगात नारिंगी कोट, हातात यादी. ऑर्विनची गाडी रस्त्यावर चालू होती. मागे दोन्ही बंदुका होत्या आणि थर्मासभर कॉफी.

"वीस मिनिटं राहिली," ऑर्विननं काच खाली करून सांगितलं.

"पाचच मिनिटं. या घरात तीन मतं आहेत."

"मागच्या घरातही पाचच होती. तेव्हा पावणेअकरा झाले होते."

"मागच्या घरातली चारही फिरली की नाही?"

"फिरली," ऑर्विननं कबूल केलं. "पण आर्डिस, हरणं थांबत नाहीत."

"हरणं डिसेंबरपर्यंत आहेत. मतदान मंगळवारी आहे."

मागच्या वर्षी कोऱ्या ओळीवर तिचंच नाव लिहिणाऱ्यांपैकी तिघंजण आतून खिडकीच्या पडद्याआडून पाहत होते आणि कुणी दार उघडायचं यावर कुजबुजत होते. ऑर्विननं थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मग त्यानं गाडी बंद केली, थर्मास आणि यादीचं दुसरं पान घेतलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या घराकडे निघाला.

हरणं मतदार नव्हती. त्यामुळे त्यांच्याकडे जायला त्या नोव्हेंबरातही आर्डिसला सवड झाली नाही.